पाटीवरून गेलेला शब्द

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या कमिटीने महिन्याभरापूर्वी मला एक काम दिलं. कारण एवढंच की मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे मला एक्सेल येत असणार. (हा गैरसमज मी दूर करायला जात नाही, कारण मग लोक प्रिंटर दुरुस्त करायला बोलावतात.) काम असं: आत्ता दोन मावशी रोज सकाळी दारोदार येऊन कचरा नेतात. एका खासगी कंत्राटदाराने त्याऐवजी आमची गाडी लावा म्हणून कोटेशन दिलंय. गाडी, ॲप, प्रत्येक दारावर क्यूआर कोड, महिन्याला एकच बिल. दोन्हींची तुलना करणारा तक्ता बनवायचा आणि मिटिंगमध्ये पडद्यावर दाखवायचा.

दर, वेळ, सुट्टीच्या दिवशी काय, तक्रार कुणाकडे करायची, असे रकाने भराभर भरले. मग वाटलं, या मावशी आमच्या कचऱ्यातून कागद, प्लास्टिक, काच वेगळं काढून विकतात, म्हणजे तेवढा कचरा डेपोवर जातच नाही. तो किती? हा रकाना कसा भरायचा ते कळेना. म्हणून भारतातल्या शहरांच्या कचऱ्यात नक्की काय असतं याचे जुने आकडे शोधायला बसलो, आणि शोधता शोधता थेट माझ्या गावी पोचलो. नागपूरला, नीरीत.

नागपूरकराला नीरी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नेहरू मार्गावरची ती संस्था, मोठं झाडीचं आवार. ‘तिथं पाणी तपासतात’ एवढीच माहिती आम्हा पोरांना होती. याच संस्थेचा १९९६चा एक तक्ता आजही कचऱ्यावरच्या निम्म्या अहवालांत सापडतो. त्यात शहरांचे लोकसंख्येनुसार गट पाडलेत आणि प्रत्येक गटाच्या कचऱ्याची फोड दिलीय. कागद, सर्वांत लहान शहरांत २.९१ टक्के, पन्नास लाखांवरच्या महानगरांत ६.४३ टक्के. काच प्रत्येक गटात एक टक्क्याच्या आत. धातूही एक टक्क्याच्या आत. बाकी सगळं कुजणारं, नाहीतर माती, राख आणि खडे.

हे वाचून मी थांबलो. नव्वदच्या दशकातलं घर आठवून पाहा. पेपर, वह्या, औषधाच्या बाटल्या, तेलाचे डबे, बुटांची खोकी. शंभर किलो कचऱ्यात काच अर्धा किलो? यातलं बरंचसं घरातून रद्दीवाल्याकडे गेलं हे खरं. पण कुंडीत पडलेलंही डेपोपर्यंत पोचलं नव्हतं. मधे कुणीतरी वाकून ते उचललं होतं. मोजणारा आला तेव्हा उचलणारी येऊन गेली होती.

आमच्या धंद्यात एक साधा नियम नवख्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतात: शून्य वेगळं आणि नोंदच नसणं वेगळं. त्या तक्त्यातली अर्धा टक्का काच ही भारतीय माणूस काच फेकत नाही याची नोंद नाही. कुणाच्या तरी कामाची नोंदच नाही, त्याची ती खूण आहे. आणि हे काम करणाऱ्यांची नोंद का नाही, हा प्रश्न शेवटी संघटनांपाशी येऊन थांबतो. सार्वजनिक आरोग्याचं काम करणाऱ्यांच्या संघटना कुणी बांधल्या, त्यांत कुणाला घेतलं, आणि कोण दाराबाहेर राहिलं.

तक्ता बनवणाऱ्यांवर राग धरण्यात मात्र अर्थ नाही. त्यांची गोष्ट मोठी आहे आणि ती नागपूरकरांनाही धड माहीत नाही.

१९५५चा डिसेंबर ते १९५६चा जानेवारी. दिल्लीत काविळीची साथ आली. यमुनेतून शहराचं पाणी जिथे उचलतात तिथेच सांडपाणी मिसळलं होतं. क्लोरीन टाकलं जात होतं. त्याने जिवाणू मेले, पण काविळीचा विषाणू त्या मात्रेला दाद देणारा नव्हता. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. देशाची राजधानी, पाणी शुद्धीकरण केंद्रातून आलेलं, आणि तरी ही अवस्था. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या दशकात कॉलरा, टायफॉइड, नारू हे सगळे पाण्यातून येणारे पाहुणे होते आणि त्यांना अडवणारं इंजिनीअरिंग आपल्याकडे फार थोड्यांना येत होतं. पाणी आणायचं म्हणजे धरण आणि नळ, एवढंच बहुतेक इंजिनीअर शिकलेले. पाण्यात काय आहे हा डॉक्टरचा प्रश्न, असं मानायची पद्धत.

८ एप्रिल १९५८ हा नागपुरातल्या या संस्थेचा स्थापना दिवस. तेव्हाचं नाव नीरी नव्हतं. सेंट्रल पब्लिक हेल्थ इंजिनीअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट. जुनी माणसं तिला अजून ‘सीफेरी’ म्हणतात. कामाची यादी अशी: पाणीपुरवठा, सांडपाण्याची विल्हेवाट, साथीचे रोग, थोडंफार कारखान्यांचं प्रदूषण, आणि व्यवसायातून होणारे आजार. शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. काम करणाऱ्याच्या अंगाला त्या कामामुळे काय होतं, हा विषय पहिल्याच यादीत होता.

या संस्थेने स्वतःचं नियतकालिकही सुरू केलं. त्याचं नाव ‘एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ’, पुढे ‘इंडियन जर्नल ऑफ एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ’. त्याच्या १९७५च्या अंकात नवलाखे, कुलकर्णी, पाठक आणि बुलुसू या चौघांचा एक निबंध आहे, नळगोंडा पद्धतीवर. तेव्हाच्या आंध्रातल्या, आताच्या तेलंगणातल्या नळगोंडा जिल्ह्यात विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड इतकं होतं की लोकांचे दात डागाळत, हाडं वाकत. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांतही हेच दुखणं आहे. या लोकांनी काढलेला उपाय असा: पाण्यात तुरटी आणि चुना ठरलेल्या प्रमाणात घाला, थोडी ब्लीचिंग पावडर, ढवळा, साका बसू द्या, वरचं पाणी घ्या. बादलीत करता येतं, गावाच्या टाकीतही करता येतं. वीज लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. याला दोष आहेत. खाली बसलेला गाळ कुठे टाकायचा आणि पाण्यात उरणाऱ्या ॲल्युमिनियमचं काय, हे प्रश्न पुढे निघाले. तरी मला हा निबंध आवडतो, कारण त्यात इंजिनीअर बादलीपर्यंत खाली आलेला दिसतो.

आता नावांकडे या.

१९७२ साली स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद झाली, इंदिरा गांधी तिथे बोलल्या. १९७४ला भारतात जलप्रदूषणाचा कायदा आला. त्याच वर्षी नागपूरच्या संस्थेचं नाव बदललं: नॅशनल एन्व्हायर्न्मेंटल इंजिनीअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट. म्हणजे नीरी. ‘पब्लिक हेल्थ’ हे दोन शब्द पाटीवरून उतरले, ‘पर्यावरण’ चढला. नीरीच्याच आवारातून चालणारी या क्षेत्रातल्या व्यावसायिकांची एक संघटना आहे. तिचं नाव आधी इंडियन असोसिएशन फॉर वॉटर पोल्युशन कंट्रोल होतं, ते पुढे इंडियन असोसिएशन फॉर एन्व्हायर्न्मेंटल मॅनेजमेंट झालं. नियतकालिकाने ‘हेल्थ’ हा शब्द सर्वांत जास्त काळ धरून ठेवला होता. २०००नंतरच्या दशकात त्याचंही नाव ‘जर्नल ऑफ एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड इंजिनीअरिंग’ झालं. तीन पाट्या, आणि तिन्हींवर आता आरोग्य कुठेच नाही.

यात कुणाचा कट नव्हता. प्रदूषण हा शब्द आला म्हणून कारखान्यांना जाब विचारता आला, हवा मोजली जाऊ लागली, पर्यावरणाच्या खटल्यांत न्यायालयांनी नीरीकडे अहवाल मागितले. ‘पब्लिक हेल्थ’मध्ये हे मावलं नसतं. पण शब्द बदलला की नजर कुठे जाते तेही बदलतं. आरोग्य म्हटलं की कुणाचं, हा प्रश्न लगेच येतो. पर्यावरण म्हटलं की नदी येते, हवा येते, आणि त्या नदीच्या काठच्या गटारात उतरलेला माणूस चौकटीच्या कडेला सरकतो.

गंमत अशी की त्याच १९७४ साली ब्रिटनमध्ये उलटं घडलं. तिथे १८८३ साली सॅनिटरी इन्स्पेक्टरांनी आपली संघटना स्थापन केली होती. पहिले अध्यक्ष एडविन चॅडविक, सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांसाठी आयुष्य घालवलेले म्हातारे गृहस्थ. त्या काळचा इन्स्पेक्टर म्हणजे स्थानिक मंडळाचा नोकर, आणि मंडळावर बसलेले अनेकदा त्याच चाळींचे मालक ज्यांच्या संडासांबद्दल त्याने नोटीस काढायची. आज नोटीस काढली, उद्या नोकरी गेली. संघटनेने मागितलं काय? परीक्षा असावी, पात्रता असावी, आणि काम चोख केलं म्हणून कुणाला काढता येऊ नये. पुढे त्या पदाचं नाव पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर झालं, आणि १९७४मध्ये एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ ऑफिसर. त्यांनी पर्यावरण घेतलं आणि आरोग्यही ठेवलं.

व्यावसायिक संघटना काय करते याचं इतकं सरळ उदाहरण मला दुसरं सापडलं नाही. चहा-समोशाचं वार्षिक अधिवेशन आणि ग्रुप फोटो हा वरचा भाग. खाली तीन गोष्टी असतात: या कामाला नाव आहे, ते कुणालाही येत नाही, आणि ते करणाऱ्याला वाटेल तसं हाकलता येणार नाही.

आपल्याकडे या तीन गोष्टी वरून खाली झिरपत आल्या आणि वाटेत आटल्या. वरती इंजिनीअर. त्यांच्या संघटना झाल्या, १९६८ला पाणीपुरवठ्यातल्या लोकांची इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशन झाली, तिचं मुख्यालय मुंबईत. त्याखाली निरीक्षक. १९२६ साली मुंबईत स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा सॅनिटरी इन्स्पेक्टरचा डिप्लोमा आजही पोरं करतात. महापालिकेच्या भरतीच्या जाहिराती पाहिल्या असतील तर ‘एसआय’ ही अक्षरं ओळखीची असतील. त्याखाली झाडूवाले, गटारात उतरणारे, मैला उचलणारे. त्यांच्या बाबतीत परीक्षा नव्हती, कारण जात हीच पात्रता मानलेली. आणि हाकलण्यापासून संरक्षण तर सोडाच, त्यांना काम सोडायचीही मुभा नव्हती. पंजाबच्या १९११च्या म्युनिसिपल कायद्यात सफाई कामगाराने सूचना न देता काम सोडलं तर तुरुंगवासाची तरतूद होती. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लेखनात अशा कायद्यांवर बोट ठेवलं आहे. लंडनच्या इन्स्पेक्टरला हवं होतं की आपल्याला काढता येऊ नये. इथे कायदाच म्हणत होता, तुला जाता येणार नाही.

म्हणून १९३०च्या दशकात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा राहिला त्याला मी पगारवाढीची संघटना एवढंच म्हणणार नाही. नीरीपासून दीक्षाभूमी लांब नाही. मी लहानपणी दोन्हींच्या समोरून शेकडो वेळा गेलोय, पण या दोन जागांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कधी मनात आलं नाही. एका जागी सांडपाण्याचं विज्ञान. दुसऱ्या जागी, त्या सांडपाण्याशी जन्माने जखडलेल्यांनी ती गाठ सोडली. शाळेत या दोन गोष्टी दोन वेगळ्या पुस्तकांत होत्या.

कायद्यानेही या कामगाराकडे पाहायला फार वेळ घेतला. हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३चा, दुसरा २०१३चा. मार्च २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३मध्ये ती रक्कम ३० लाख केली. माणूस मेल्यावर त्याची नोंद होते, एवढी प्रगती आहे.

पण माझ्या रिकाम्या रकान्यातली बाई या उतरंडीत कुठेच नाही. ती महापालिकेची नोकर नाही, कंत्राटी नाही, रोजंदारीवरही नाही. हजेरीपुस्तकात नाव असतं तर निदान गैरहजेरी लागली असती. तिची संघटना झाली ती पुण्यात, १९९३मध्येच.

त्याची सुरुवात मोर्च्याने झाली नाही. १९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरा वेचणाऱ्या बायका-मुलांबरोबर काम करत होत्या. मुलांना शिकवायला गेल्या आणि त्यांच्या मागोमाग कुंड्यांपर्यंत पोचल्या. तिथे एक साधी गोष्ट दिसली. घरातच ओला-सुका वेगळा करून सुका या बायकांच्या हातात दिला, तर कुंडीत वाकायची गरजच नाही. तास कमी लागतात, माल स्वच्छ मिळतो, भाव बरा येतो. कोरेगाव पार्कात तीसेक बायकांना विद्यापीठाने ओळखपत्रं दिली आणि हे सुरू झालं.

काही आठवड्यांत तिथे एक उद्योजक गाडी घेऊन आला. त्यालाही कोरेगाव पार्कचा सुका कचरा हवा होता. हे वाचताना मी माझ्या लॅपटॉपवर उघडलेल्या कोटेशनकडे पाहिलं. तीस-पस्तीस वर्षांत फक्त क्यूआर कोडची भर पडलीय.

बायकांनी गाडी अडवली, मुलाबाळांसकट. आणि तेव्हा एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली: तीस जणींनी एका भागात अडवून काही होणार नाही. कचऱ्याला किंमत आहे हे एकदा कळलं की गाड्या सगळीकडे येणार. स्वतः कचरावेचक बाईचा मुलगा असलेले मोहन ननावरे आणि हमाल पंचायतीचे बाबा आढाव या कामात होते. मे १९९३मध्ये पुण्यात अधिवेशन भरलं, आठशेहून अधिक कचरावेचक आल्या, आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली.

आढावांचं असणं इथे महत्त्वाचं आहे, केवळ नाव मोठं म्हणून नव्हे. हमालही असाच कुणाचाही नोकर नसलेला माणूस. आज या गाळ्याचं पोतं, उद्या त्या गाळ्याचं. मालक कोण हेच सांगता येत नाही, तर हक्क कुणाकडे मागायचा? महाराष्ट्रात हा पेच १९६९च्या माथाडी कायद्याने सोडवला: मालक एक नसला तरी मंडळ असेल, तिथे कामगाराची नोंद असेल, मजुरीवर लेव्ही बसेल आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी वगैरे मिळेल. कचरावेचकाला ‘तू कामगारच नाहीस’ म्हणणाऱ्यांपुढे पुण्यात हमालांचं जिवंत उदाहरण उभं होतं.

पंचायतीने पहिली लढाई ओळखपत्रासाठी केली. आपल्या गळ्यात ऑफिसचं कार्ड असतं, गेट उघडायला. त्यांच्यासाठी ते कार्ड पहाटे पाच वाजता पोलिसाला दाखवायला होतं. अंधारात पोतं घेऊन फिरणारी दलित बाई म्हणजे चोर, हे ठरलेलंच. कुठे चोरी झाली की वस्तीतून उचलून न्यायचं. यातल्या कित्येक जणी किंवा त्यांच्या सासवा १९७२च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या. शहरात त्यांना फक्त कुंडीपाशी जागा मिळाली होती. १९९५-९६च्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी पंचायतीची ओळखपत्रं मान्य केली. कार्डावर महापालिकेची मोहोर आली, आणि पोलिसापुढे उभी असलेली बाई संशयिताची कामगार झाली.

आणि मग ज्यासाठी मी हे सगळं वाचत होतो ते काम त्यांनी २००१मध्ये केलं. मोजणी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी पुण्यातल्या भंगाराच्या सगळ्या साखळीचा अभ्यास झाला: वेचणारी, फेरीवाला, छोटं दुकान, मोठा ठोक व्यापारी, कारखाना. तो करणारे लोक पंचायतीशी जोडलेले होते, त्यामुळे दुकानदारांनी वह्या उघडल्या आणि बायकांनी खरं सांगितलं. निघालं असं: पुण्यातून रोज सुमारे १४४ टन माल पुनर्वापराकडे जातोय. महापालिकेला तो उचलायचा, वाहायचा, पुरायचा खर्च येत नाही. त्या हिशेबाने एक कचरावेचक दर महिन्याला महापालिकेला २४६ रुपयांचं काम फुकट करून देत होती.

२४६ रुपये. आकडा किरकोळ दिसतो. पण पंचायत महापालिकेकडे गेली ती हा आकडा घेऊन. आम्हाला मदत द्या असं न म्हणता, तुम्ही आमचं देणं लागता, निदान आजारपणाचा विमा तरी भरा, असं म्हणत. २००२-०३पासून पुणे महापालिकेने कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. कापलेले हात, कुत्र्याचे चावे, दुखरी पाठ, खोकला या सगळ्याला पहिल्यांदा सरकारी कागदावर जागा मिळाली. १९५८च्या नागपूरच्या यादीत ‘व्यवसायातून होणारे आजार’ होते ते आठवा. त्या ओळीचा एक तुकडा चाळीसहून अधिक वर्षांनी पुण्यात, निम्म्याहून जास्त निरक्षर असलेल्या बायकांच्या संघटनेने पुरा केला.

पुढची गोष्ट पुणेकरांना माहीत आहे. २००८मध्ये पंचायतीतूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेने पाच वर्षांचा करार केला. दारोदार कचरा घ्यायचा, घरमालकाने महिन्याचं शुल्क थेट कामगाराला द्यायचं, सुका माल तिचा. मुदत संपली की दर वेळी तीच धाकधूक: करार पुढे चालेल की गाडीवाला येईल. हे मॉडेल आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. शुल्क बुडवणारी घरं आहेत, महिन्याचे पैसे देताना उपकार केल्यासारखं तोंड करणारे लोक आमच्याच मजल्यावर आहेत, आणि सॅनिटरी पॅड कागदात न गुंडाळता देणारी सुशिक्षित कुटुंबंही. पंचायतीच्या लोकांनी त्यासाठी लाल ठिपक्याची मोहीम चालवली: पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे हात घालण्याआधी कळेल. घातक कचऱ्याच्या पिंपावर लेबल लावायला इंजिनीअर जे सांगतो तेच हे, फक्त स्केचपेनने.

कायद्यानेही अखेर दखल घेतली. कचऱ्याचे २०००चे केंद्रीय नियम या माणसांबद्दल गप्प होते. २०१६च्या नियमांत कचरावेचकाची व्याख्या आली, ओळखपत्र आलं, व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आली. त्या नियमांची तारीख ८ एप्रिल. नीरीचा वाढदिवस. योगायोगच, पण नागपूरकर म्हणून मला तो नोंदवावासा वाटला.

नागपुरात अशी पंचायत उभी राहिली नाही. तिथे २०१९पासून शहराचे दोन भाग करून कचरा उचलण्याचं काम दोन खासगी कंपन्यांकडे आहे. सगळं जातं पूर्वेला भांडेवाडीला. त्याच भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध करणारा, रोज १३० दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्प आहे आणि त्याचं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. देशभरातले इंजिनीअर तो बघायला यावेत इतकी चांगली गोष्ट आहे ती. नागपूरच्या लोकांच्या अंघोळीच्या पाण्यातून वीज तयार होते असं मी ऑफिसात मोठ्या तोंडाने सांगतो. जवळच डेपो. मागच्या दिवाळीत गेलो होतो तेव्हा धूर होता, कावळे आणि बगळे होते, आणि ढिगावर पोती घेतलेल्या चार-पाच बायका. एकीच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. घंटागाडी रिकामी झाली की ती हलायच्या आत या पुढे सरकत. गाडीवाल्याकडे वजनकाट्याची पावती होती, किती टन आणले त्याची. बायकांकडे कसलीच पावती नव्हती. त्यांनी उचललेलं कुणाच्याच वजनात धरलं जात नाही, कारण काटा गेटवर आहे आणि त्या आत.

पुण्याच्या तक्त्याचं मग मी असं केलं. मावशींनाच विचारलं, महिन्याला आपल्या सोसायटीतून किती माल निघतो? मला वाटलं, अंदाजे काहीतरी सांगतील. त्यांनी पिशवीतून भंगार दुकानाच्या पावत्यांची गड्डी काढली, रबर बँड लावलेली. पुठ्ठा वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, काच वेगळी, पत्रा वेगळा. दर महिन्याचं. डेटा एंट्रीला मला अर्धा तास लागला. आमच्या सोसायटीचा स्वतःचा पाण्याचा हिशेब याच्या निम्म्यानेही नीट नाही.

रकाना भरला. त्याला काय नाव द्यायचं यावर मात्र कमिटीत वाद झाला. मी ‘पुनर्वापरासाठी वेगळं काढलेलं, किलो’ लिहिलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, हा त्यांचा फायदा आहे, आपल्या तुलनेत कशाला? मी तो काढला नाही. मिटिंग येत्या रविवारी अकरा वाजता आहे. कंत्राटदाराचा माणूस प्रेझेंटेशन घेऊन येणार आहे. मावशींना बोलवायचं की नाही, यावर ग्रुपवर कालपर्यंत सदतीस मेसेज झालेत.